मागच्या दारापासून सुरुवात

प्राणिसंग्रहालयातल्या कामाच्या पहिल्या दिवशी मामांनी, म्हणजे तिथल्या जुन्या प्राणीरक्षकांनी, मला सगळ्यात आधी दाखवलं ते एक कुलूप. बिबट्याच्या मादीच्या पिंजऱ्याचं मागचं दार जेमतेम तीन फूट उंच आणि त्याची कडी आतल्या अंगाला, गुडघ्याच्याही खाली. कुलूप लावायचं तर उकिडवं बसायचं, हात गजांतून आत घालायचा आणि मान वळवायची. म्हणजे पाठ जनावराकडे आलीच. मामांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत तीन पांढऱ्या रेघा होत्या.

"तिची काय चूक, मॅडम," ते म्हणाले. "असलं दार ज्यानं बांधलं त्याला विचारा."

ते वाक्य मला लागलं. दारं, भिंती, खिडक्या काढणं हाच माझा व्यवसाय. ते दारही माझ्यासारख्याच कुणीतरी कागदावर काढलेलं असणार, आणि ते काढताना त्या दाराशी रोज दोनदा कोण बसणार आहे हे विचारलेलं नसणार.

आमच्या गावाच्या टोकाला, टेकडीच्या उतारावर नगरपालिकेचं हे छोटं प्राणिसंग्रहालय आहे. गावात त्याला कुणी प्राणिसंग्रहालय म्हणत नाही, 'बाग' म्हणतात. लहानपणी रविवारी आजी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची आणि आम्ही चुलत-आते सगळी भावंडं बागेत जायचो. मोर, माकडं, चितळं, अजगर आणि शेवटी बिबट्या. मी पुढे शिकायला पुण्याला गेले, तिथेच आर्किटेक्ट म्हणून काम सुरू केलं आणि बाग मागे पडली. गावाचंही तिच्याकडे लक्ष राहिलं नाही. माणसं निवृत्त झाली तशा जागा रिकाम्या राहिल्या, प्राणी म्हातारे होऊन गेले, पत्रे गंजले, तळ्याकडच्या बाजूला घाणेरी माजली. दगडी पिंजऱ्यांची चार खोल्यांची एक ओळ होती. तिच्या तीन खोल्यांत गणपतीच्या मिरवणुकीचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. चौथीत चिंगी होती.

चिंगी उसाच्या फडात सापडली होती, तोडणीच्या वेळी, मांजराएवढी असताना. आमच्या भागात हे नवं नाही. ऊस उंच वाढतो, वर्षभर आडोसा देतो, मादी तिथेच पिल्लं घालते आणि तोडणी आली की पिल्लं उघडी पडतात. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे, तिथे अशी कितीतरी जनावरं आहेत. चिंगीची आई परत आली नाही म्हणून ती आमच्या बागेत आली आणि बारा वर्षं बारा बाय दहा फुटांत राहिली.

बागेचं काम माझ्याकडे आलं ते एका तपासणी अहवालामुळे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात पुढे दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, आणि तेव्हापासून त्याच्या मान्यतेशिवाय देशात एकही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २००९ च्या नियमांत पिंजऱ्यापासून पशुवैद्यापर्यंत सगळं बारकाईने लिहिलेलं आहे. आमची बाग त्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी कमी पडत होती. सुधारा, नाहीतर प्राणी दुसरीकडे पाठवून बंद करा, असा त्या अहवालाचा सरळ अर्थ होता. मुख्याधिकारीबाईंना कुणीतरी सांगितलं की गावातलीच एक मुलगी पुण्यात आर्किटेक्ट आहे. त्यांचा फोन आला तेव्हा मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जीभच वळली नाही.

पहिला महिनाभर मी एकही रेघ मारली नाही. रोज सकाळी साडेसातला यायचं, प्लास्टिकची खुर्ची घेऊन एका पिंजऱ्यासमोर बसायचं आणि दर दहा मिनिटांनी वहीत एक खूण करायची: झोपलंय, खातंय, फिरतंय, लपलंय. कुठे आहे तेही. पिंजऱ्याचा छोटा नकाशा काढून त्यावर ठिपके.

चिंगीच्या नकाशावर दोनच जागा भरल्या. एक म्हणजे मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातली लाकडी फळी, जिच्या दोन बाजूंना दगड होता. दुसरी म्हणजे पुढच्या गजांलगत इंग्रजी आठच्या आकाराची एक वाट. ती वाट फरशीवर दिसायची. शहाबादी फरशी त्या वळणांवर झिजून गुळगुळीत झाली होती. सकाळी ओल्या फडक्याने पुसली की तिच्यावर पाणी चमकायचं, बाकीची खरखरीतच राहायची. मी एकदा मामांच्या परवानगीने, चिंगी मागच्या खोलीत असताना, आत जाऊन त्यावरून हात फिरवला. देवळाच्या उंबऱ्यावर असतो तसा खळगा होता.

पिंजऱ्याला मागे आणि एका बाजूला भिंत होती, उरलेल्या दोन बाजूंना गज, आणि लोकांचा रस्ता त्या दोन्ही बाजूंनी फिरायचा. सोमवारी बाग बंद असते, आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचा नियमच आहे. सोमवारी ती दिवसाचे बरेच तास फळीवर असायची. रविवारी फळीवर जवळजवळ नाहीच. एवढं त्या ठिपक्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग मी मे महिन्यात दुपारी तीन वाजता दोन ठिकाणी तापमान घेतलं. बाहेर कडुनिंबाखाली ३७ अंश आणि सिमेंटच्या पत्र्याखाली चिंगीच्या फळीशी ४४. ती तरीही तिथेच जायची.

या काळात मी दोन-चार जागा पाहून आले. मुंबईची राणीची बाग मी आधी अनेकदा पाहिली होती, पण या वेळी झाडं बघायला गेले. ती १८६१ साली वनस्पतिउद्यान म्हणून सुरू झाली, प्राणी नंतर आले. त्यामुळे तिथे जुनी मोठी झाडं आधी आणि पिंजरे त्यांच्या सावलीत, असा क्रम आहे. आमच्याकडे पिंजरे आधी बांधून मग शोभेची झाडं लावली होती, तीही लोकांच्या बाजूला. पुण्याला कात्रजला गेले. १९५३ सालचं पेशवे पार्क शहराच्या मध्यात घुसमटलं होतं, म्हणून तिथले प्राणी कात्रजच्या १३० एकरांत हलवले गेले. १९९९ साली ते खुलं झालं. मी लहानपणी पेशवे पार्कात फुलराणीत बसले होते, आणि प्राण्यांपेक्षा ती झुकझुकगाडीच मला जास्त आठवते. हेही मी वहीत लिहून ठेवलं.

बाहेरच्या देशांतलं पुस्तकांतून वाचलं. हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७ साली गजांऐवजी खंदक वापरून प्राणिसंग्रहालय उभं केलं आणि तिथून जगभर गज मागे पडू लागले. सिअॅटलला सत्तरच्या दशकात गोरिलांसाठी झाडाझुडपांनी भरलेली जागा केली आणि पाहणाऱ्यालाच त्या झाडीत आणून उभं केलं. पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलं ते लंडनचं पेंग्विनांचं तळं. बर्थोल्ड लुबेत्किन यांच्या टेक्टन या गटाने १९३४ साली ते बांधलं. लंबगोल हौद आणि त्यावर एकमेकांत गुंफलेले काँक्रीटचे दोन नाजूक उतार. आम्हाला कॉलेजात त्याची चित्रं दाखवून सांगायचे, काँक्रीट असं वाकवता आलं पाहिजे. मीही तेव्हा त्याची नक्कल काढली होती. पुढे कळलं की त्या काँक्रीटवर चालून पेंग्विनांचे तळवे खरवडायचे, पायांना संसर्ग व्हायचा, आणि २००४ साली त्यांना तिथून कायमचं हलवावं लागलं. वास्तू आजही जपलेली आहे, वारसा म्हणून. पक्षी मात्र तिथे नाहीत.

मी बागेच्या फायलीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: तळवे.

नगरपालिकेच्या सभेत आराखडा मांडायची वेळ आली तेव्हा माझ्याआधी एक वेगळा प्रस्ताव तिथे होताच. मोठी स्वागत कमान, फायबरचे डायनासोर, कारंजं, खाण्याचे गाळे. तो मांडणारे लोक वाईट नव्हते. बाग जिवंत व्हावी, गावात माणसं यावीत असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, लोकांना दिसेल असं काहीतरी आधी करा. गटारी आणि मागच्या खोल्या कोण बघतंय?"

मी ठिपक्यांचे नकाशे भिंतीवर लावले. सोमवारचा आणि रविवारचा शेजारी शेजारी. मग मामांना बोलायला सांगितलं. एकोणतीस वर्षं नोकरी झालेली, पण सभागृहात ते पहिल्यांदाच आले होते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. त्यांनी कुलपाचं सांगितलं. मग म्हणाले, "माणसं नाकाला रुमाल लावून येतात आणि तशीच जातात. घाण आमची नाही साहेब, आम्ही दोनदा धुतो. फरशीचा ढाळ आत आहे. पाणी बाहेर जातच नाही."

बाहेरून गुलाबी-निळा रंग दिलेल्या त्या पिंजऱ्याच्या फरशीचा उतार उलटा होता, आणि त्यामुळे इतकी वर्षं जनावर, कामगार आणि पाहुणे सगळे त्याच वासात होते. हे कळायला आर्किटेक्ट लागत नाही, झाडू मारणारा माणूस पुरतो. त्या दिवशी ठराव झाला: पहिल्या वर्षीचा पैसा पाणी, सांडपाणी, रात्रीच्या खोल्या आणि प्राणीरक्षकांच्या वाटेवर. कमान शेवटच्या टप्प्यात.

मग कागदांचं वर्ष. वीस वर्षांचा बृहत् आराखडा, प्रत्येक आवाराचं वेगळं रेखाटन, आणि ते सगळं दिल्लीला प्राधिकरणाकडे. मंजुरीशिवाय एक वीट हलवता येत नाही. पहिल्यांदा आमचं रेखाटन शेरे मारून परत आलं तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यातले बहुतेक शेरे बरोबर आहेत हे मान्य करावं लागलं. बिबट्याच्या जोडीसाठी बाहेर फिरायला किमान ५०० चौरस मीटर, चितळांच्या कळपाला १५०० चौरस मीटर अशी मापं प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. चिंगीचा पिंजरा अकरा चौरस मीटर होता. मापं कागदावर वाचताना कोरडी वाटतात. आम्ही जागेवर चुन्याने २५ बाय २० मीटरचा चौकोन आखला आणि मामा त्याच्या कडेने चालत गेले, एक फेरी पूर्ण करून आले आणि म्हणाले, "एवढं सगळं तिचं?"

जुनी दगडी ओळ पाडायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. काळ्या पाषाणाच्या दीड फूट जाडीच्या भिंती, घडाई सुरेख, आणि आज तशी बांधायची तर गवंडी मिळणार नाहीत. चूक दगडात नव्हती, तोंड कुठे आहे त्यात होती. म्हणून आम्ही ती ओळ फिरवली. जिकडे गज होते ती लोकांची बाजू बंद करून तिथे प्राणीरक्षकांची बोळ केली आणि मागच्या भिंतीत, टेकडीकडे, दारं पाडली. ती दारं नव्या आवारात उघडतात. चार खोल्यांच्या रात्रीच्या खोल्या झाल्या आणि लोकांचा गजांलगत फिरणारा रस्ता आम्ही उखडून टाकला. त्या रस्त्याच्या जागेवर आता बांबू आहे.

आवाराला वरूनही जाळी आहे, कारण बिबट्या चढतो. खांब उभे करताना आत तीन जुनी झाडं आली, दोन कडुनिंब आणि एक उंबर. त्यांच्याभोवती जाळी वळवायला फॅब्रिकेटर तयार नव्हता. झाडं काढली तर आठवड्याचं काम दोन दिवसांत होईल असं त्याचं म्हणणं. मी रोज जाऊन उभी राहिले, तेव्हा झालं. एक मचाण मागच्या दगडी कोपऱ्यालगत, चिंगीच्या फळीच्या उंचीचं. दुसरं उंबराशी, सगळ्यात वर.

लोक पाहणार ते एका बुटक्या दगडी गॅलरीतून. ती उतारात अर्धी गाडली आहे. आत शिरलं की आपले डोळे तिच्या मचाणाच्या खाली येतात, ती वर आणि आपण खाली. गॅलरीत मुद्दाम अंधार ठेवलाय. पाहणाऱ्याची बाजू अंधारी आणि पलीकडे उजेड असला की काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही आणि जनावरालाही आपली हालचाल कमी दिसते. थर चिकटवलेल्या जाड काचेच्या तीनच खिडक्या, किंचित कललेल्या. त्यातली एक जमिनीपासून दोन फुटांवर, लहान मुलांसाठी आणि चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी.

छपराचा प्रश्न मामांनी सोडवला. मी मंगलोरी कौलं काढली होती, देखणी दिसत होती. मामा नकाशा बघून म्हणाले, "वानरं एक कौल ठेवायची नाहीत, ताई." टेकडीवर वानरांची टोळी आहे हे महिनाभर तिथे बसूनही मी विसरले होते. मग स्लॅब टाकला आणि त्यावर मातीची मडकी उलटी मांडून वर चुन्याचा कोबा केला. ही जुनी रीत आहे, मडक्यात अडकलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही. आमच्या कुंभारवाड्यातून मडकी आणली. माठांची मागणी घटल्यामुळे तिथली दोन चाकं बंद होती, ती त्या हंगामात फिरली. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी, त्याच फळीशी तापमान घेतलं: ३५.

आणि दार. दाराच्या नकाशावर मी कमानीपेक्षा जास्त दिवस घालवले असतील. आता ते वरून खाली सरकतं, वजनाला तोल दिलेलं आहे, बोळीत उभं राहून एका हाताने तरफ ओढली की उघडतं. शेजारी छातीच्या उंचीवर जाळीची खिडकी आहे, तिच्यातून आतली खोली आणि बाहेरचं आवार दोन्ही दिसतं. जनावर कुठे आहे हे पाहिल्याशिवाय दार पाडायची वेळच येत नाही. बोळीला स्वतःची दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आम्ही आधी लाकडी फळ्यांचा खराखुरा मापाचा नमुना केला, मामांना आणि दोन तरुण रक्षकांना तो वीस-वीस वेळा उघडायला-मिटायला लावला, आणि तरफेची उंची दोनदा बदलली.

काम चालू असताना चिंगी तिथेच होती. दुसरीकडे पाठवायची सोय नव्हती आणि त्या वयात प्रवासाचा ताण पशुवैद्यांना नको होता. आधी ओळीच्या पलीकडच्या टोकाच्या दोन खोल्या तयार केल्या, त्या सुकल्यावर तिला तिकडे घेतलं, मग तिच्या जुन्या खोलीला हात लावला. तिच्याजवळ मशीनचा ब्रेकर वापरू दिला नाही, गवंड्यांनी छिन्नी-हातोड्याने तोडलं. कंत्राटदाराचे दिवस वाढले, त्यावरून वाद झाले. ते योग्यच होते, कारण निविदेत मी हे नीट लिहिलं नव्हतं. पुढच्या निविदेत कामाच्या वेळा, आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, सांडलेले खिळे रोज चुंबकाने गोळा करणं, सगळं लिहिलं.

आता चितळांबद्दल सांगते, कारण तिथे माझी मोठी चूक झाली. त्यांच्या नव्या आवाराला लोकांच्या बाजूने कोरडा खंदक होता, आतून हळूहळू उतरत जाणारा आणि बाहेरच्या बाजूला उभी दगडी भिंत. उभं राहून पाहिलं की मध्ये काही नाहीच, नुसता कळप आणि मागे टेकडी. मला त्याचा फार अभिमान होता. पहिल्या जुलैत तीन दिवस झड लागली. टेकडीवरचं पाणी अडवणारा चर मी पायवाटेच्या खालच्या अंगाला काढला होता, तो वरच्या अंगाला हवा होता. पायवाटच ओढा झाली आणि सगळं पाणी खंदकात आलं. पहाटे एक पाडस त्यात उतरलं आणि त्याला वर चढता येईना. रात्रपाळीच्या मुलाने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्याला बाहेर काढलं. पाडस वाचलं. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा तो मुलगा शेकोटीशी कुडकुडत होता. मी त्याची माफी मागितली. त्याच आठवड्यात वरच्या अंगाला समतल चर खणले, पायवाटेखाली पाइप टाकला आणि खंदकाच्या तळाला दगड रचून बाहेर पडायचे दोन उतार केले. त्या चरांचं पाणी आता तळ्याकडच्या जुन्या विहिरीत झिरपतं, तिचं पाणी मार्चपर्यंत टिकतं. पण ती गोष्ट मी सांगताना आधी पाडसाचं सांगते.

चितळं नव्या जागेत कशी नेली हेही लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. हरणं हाकून, जाळी टाकून पकडली तर भीतीनेच त्यांचे स्नायू निकामी होतात. काही तिथेच मरतात, काही दोन दिवसांनी. म्हणून आम्ही मधली भिंत एका ठिकाणी उघडली, दोन्ही बाजूंना गवताचे पडदे लावले आणि चारा रोज थोडा थोडा पुढे सरकवला. पाच आठवडे लागले. एका सकाळी सगळा कळप पलीकडे होता आणि मामांनी हळूच फळी सरकवली. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही.

चिंगीचं दार उघडलं तो मंगळवार होता. सहाला आम्ही पाचजण गॅलरीत दबा धरून बसलो. दार वर गेलं. ती दारापर्यंत आली, मातीचा वास घेतला, एक पंजा बाहेर टेकला आणि उचलून घेतला. बारा वर्षांत तिने माती तुडवली नव्हती. मग मागे फिरून ती फळीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गावात विचारणा सुरू झाली, एवढा खर्च करून जनावर बाहेरच येत नाही म्हणून. मामांनी तिच्या जुन्या फळीचा एक तुकडा बाहेरच्या मचाणावर ठोकला. अकराव्या रात्री ती बाहेर आली. आम्ही कुणी पाहिलं नाही. सकाळी मातीवर पावलं होती, दारापासून उंबरापर्यंत सरळ, आणि उंबराच्या सालीवर ताज्या नख्यांचे ओरखडे. मामांनी मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मी ती पावलं मोजून घेतली. त्यात आठचा आकडा नव्हता. पुढे तो दिसला, अजूनही अधूनमधून दिसतो, खासकरून जेवणाच्या वेळेआधी. बारा वर्षांची सवय जागा बदलून पूर्ण जात नाही. पण आता ठिपके सगळ्या नकाशावर पसरतात, आणि रविवारचा नकाशा सोमवारच्या नकाशाजवळ आलाय.

लोकांचं म्हणाल तर पहिले काही महिने तक्रारी आल्या. बिबट्या दिसत नाही, तिकिटाचे पैसे कशाचे घेता. मला त्यांचा राग येत नाही. आपण सगळे जनावर गजाशी आणून उभं केलेलं बघत वाढलो. मग शाळांच्या सहली यायला लागल्या तेव्हा आम्ही मुलांच्या हातात तेच कोरे नकाशे आणि पेन्सिली दिल्या. पंधरा मिनिटं एका जागी बसा, दिसली तर ठिपका, नाही दिसली तर फुली. मुलं पंधरा मिनिटं गप्प बसतात. चौथीतली एक मुलगी सगळ्या फुल्या घेऊन आली आणि शेवटच्या मिनिटाला तिने एक ठिपका काढला होता, बांबूत, शेजारी लिहिलं होतं, 'शेपूट'. तो कागद मी माझ्या टेबलासमोर लावलाय.

कमान अजून झालेली नाही. फाटकावर पूर्वीचाच पत्र्याचा फलक आहे, फक्त नव्याने रंगवलेला. पैसे पुढच्या वर्षी येतील असं म्हणतात, आणि आले तर आधी तरसाचं आवार करायचं असं सभेत या वेळी अध्यक्ष स्वतः म्हणाले. त्याचं रेखाटन दिल्लीला जायला तयार आहे.

मामा येत्या मेमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा, पावसात पाडसामागे उतरलेला तोच, आता तरसाकडे असेल. परवा त्याला लाकडी नमुन्यावर दार उघडायला लावलं तेव्हा तो अडखळत होता. मी उंची पुन्हा मोजायला लागले तर मामा म्हणाले, "उंची बरोबर आहे, ताई. पोरगा डावखुरा आहे." रात्री मी नकाशा पुन्हा उघडला आणि तरफ दाराच्या दोन्ही बाजूंना काढली.